कोरड्या हौदातला वर्ग

बालवर्गाच्या बाईला शिक्षिका म्हणायचं की नाही, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत कधी एकमत झालं नाही. संस्कृतच्या बाई म्हणायच्या, "तुमचं बरं आहे. वह्या तपासायच्या नाहीत, निकालाची धास्ती नाही, दिवसभर गाणी म्हणायची." मी हसून चहा प्यायचे आणि मनात म्हणायचे, एकदा जूनच्या पहिल्या सोमवारी माझ्या जागी या. तीस-पस्तीस मुलं एकदम आईच्या नावानं गळा काढतात. त्यातल्या एकाची चड्डी ओली झालेली असते, एकाला नाकात चिंचोका घालून बघायचा असतो आणि एक अगदी शांतपणे फाटकाकडे चालू लागलेलं असतं. त्या वेळी व्याकरण उपयोगी पडत नाही.

आता मी पुंडलिकनगरात मुलाकडे राहते. शेजारच्या इमारतीत एक नर्सरी आहे. जून उजाडला की तिथून रडण्याचा आवाज येतो आणि सूनबाई खिडकी लावून घेते. मी उठून पुन्हा उघडते. तो आवाज माझ्या नोकरीचा आहे.

आमची शाळा मुलींची. शहागंजच्या मागं, निजामाच्या काळातल्या कुणा सरदाराच्या देवडीत ती भरायची. देवडी म्हणजे मोठी हवेली. उंच कमान, आत चौक, चारी बाजूंनी पडव्या आणि खोल्या. पोलीस ॲक्शननंतर गावातल्या चार जाणत्या माणसांनी, मुलींना मराठीतून शिकता यावं म्हणून, ती जागा घेतली होती. मी स्वतः त्या उलथापालथीतली. तिसरीपर्यंत उर्दूतून शिकले, वर्गात पहिली यायचे. मग शाळेची भाषा बदलली आणि मी, दहा वर्षांची हुशार मुलगी, पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांशेजारी बसून 'ग म भ न' गिरवायला लागले. उजवीकडून डावीकडे पळणारा हात डावीकडून उजवीकडे वळवताना मला रडू यायचं. पुढं लहान मुलांचा हात धरताना ते रडू मला फार कामाला आलं. नव्यानं शिकणाऱ्याला काय वाटतं, हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

मला नेमलं होतं चौथीवर. बालवर्ग तेव्हा नव्हताच. तो कसा सुरू झाला, ते शकूशिवाय सांगता येणार नाही.

शकू चौथीत होती. तिचे वडील किसनराव मूळचे कन्नड तालुक्यातले शेतकरी. शेत भावांत वाटलं गेलं म्हणून शहरात आले आणि शहागंजच्या धान्यबाजारात मापाडी झाले. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. शकूच्या पाठीवर बबी, अडीच-तीन वर्षांची. शकू शाळेत यायची ती बबीला कडेवर घेऊनच. वर्गात आत यायची नाही, उंबऱ्याशी बसायची. बबी कुरकुरली की बाहेर पडवीत नेऊन हिंडवायची आणि तिथूनच माझ्या प्रश्नांची उत्तरं ओरडून द्यायची. बेरीज असो की नदीचं नाव, पडवीतून आवाज यायचा, "बाई, मी सांगू का?"

दिवाळीनंतर तो आवाज बंद झाला.

आमच्या शाळेत तेव्हा हमीदाबी होत्या. मुलींना घरोघरी जाऊन बोलावून आणायचं, हे त्यांचं काम. जुन्या काळी मुली एकट्या रस्त्यावर निघत नसत, म्हणून प्रत्येक मुलींच्या शाळेला अशी एक बाई असायची. पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, पण हमीदाबी सकाळी त्याच गल्ल्यांतून त्याच चालीनं जायच्या आणि प्रत्येक दारात तोच पुकारा करायच्या. मागं मुलींची रांग वाढत जायची. त्यांना देवडीच्या जुन्या तबेल्यात राहायला खोली होती आणि उरलेल्या तबेल्यात त्यांच्या शेळ्या होत्या. शाळेचा कारभार आपल्यामुळे चालतो, असं त्यांचं मत होतं. ते फारसं चूक नव्हतं, पण दिवसातून तीनदा ऐकायला नको वाटायचं.

"शकू कायकू नै आती, पूछो मत," त्या म्हणाल्या. "मैं रोज पुकारती. अंदर से आवाज आती, 'नै आती.' चलो, तुमीच चलो."

आम्ही दोघी गेलो. किसनराव नुकतेच बाजारातून आले होते, अंगावर धान्याची धूळ. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. माणूस अदबीचा.

"बाई, पोरगी हुशार हाय, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पर बबी आता पळाया लागली. शाळंत घेऊन बसती म्हणलं तर तुमच्या वर्गाला तरास. घरी ठिवली तर बघायला कोण? चार आकडे शिकली, लई झालं."

दाराआड शकू उभी होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बबीलाही शाळेत पाठवा. तिच्यासाठी वर्ग आहे आमच्याकडे."

बाहेर आल्यावर हमीदाबींनी माझ्याकडं पाहिलं. "किधर है वर्ग?"

तो शोधायचाच होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, विधवा आणि कडक. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "बसवणार कुठे? खोली तर एकही रिकामी नाही." मग त्या खिडकीतून चौकाकडे बघत राहिल्या. चौकाच्या मधोमध देवडीचा जुना हौद होता, जमिनीखालून येणाऱ्या जुन्या नहरीच्या पाण्याचा. पाणी कधीच आटलं होतं. कमरेएवढा खोल, चारी बाजूंनी पायऱ्या, वर लिंबाची सावली. मोठ्या बाई म्हणाल्या, "संस्थेनं विचारेपर्यंत चालवा. तोवर तुमची चौथी मी बघते. विचारलं की बघू."

असा आमचा बालवर्ग सुरू झाला, कुणाच्या परवानगीशिवाय, कोरड्या हौदात. त्याहून चांगली जागा पुढं मी सिमेंटच्या इमारतीतही पाहिली नाही. मुलं पळून जाऊ शकत नसत; पायऱ्या चढेपर्यंत पकडता यायची. पायऱ्या हीच बाकं. वरच्या पडवीत बसलेल्या बहिणींना खाली आपलं पोर दिसायचं आणि पोराला बहीण. महिनाभरात, भावंडांपायी घरी बसलेल्या मुली एकेक करून परत आल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक. त्यात मुलगेही होते. मुलींच्या शाळेत मुलगे कसे, असं कुणी विचारलं तर हमीदाबी सांगायच्या, "अबी बच्चा है, बडा हुआ तो निकालते."

लोकांना वाटतं, लहान मुलांना शिकवायचं म्हणजे अक्षरं शिकवायची. अक्षरं फार उशिरा येतात. आधी मनगट. कुंभारवाड्यातून माती आणायची आणि मळायला द्यायची. चिंचोके वेचायचे, ओळीत मांडायचे, पुन्हा मोडायचे. ताटलीत बारीक वाळू पसरून बोटानं रेघ ओढायची. मनगट तयार झालं की अक्षर आपोआप चालत येतं. न झालेल्या हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं आणि पुढं जन्मभर अक्षराच्या नावानं बोलणी खातं.

आणि त्याच्याही आधी रडणं. हौदात दोन शब्द बंद होते: 'रडू नको'. रडू नको म्हटलं की मूल दोन कारणांसाठी रडतं, आई गेली म्हणून आणि रडू देत नाहीत म्हणून. आपण नुसतं शेजारी बसायचं. त्याच्याकडं बघायचंही नाही. मूठभर चिंचोके घ्यायचे आणि एकेक करून आपल्याच तळहातावर ठेवत राहायचं. मूल आधी चोरून बघतं. मग रडता रडता थांबून बघतं. मग हळूच आपला हात पुढं करतं. हात पुढं आला की निम्मं काम झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बहिणी मधल्या सुट्टीत हौदात यायच्या आणि शांत झालेली मुलं बहीण दिसताच पुन्हा गळा काढायची. सख्ख्या बहिणीजवळ मूल लाडावतं, बहीणही थकलेली असते, चापट मारते. एके दिवशी वैतागून मी म्हटलं, "उद्यापासून अदलाबदल. आपलं पोर कुणी सांभाळायचं नाही. प्रत्येकीनं दुसरीचं घ्यायचं."

तो आमच्या शाळेचा रिवाजच झाला. बबी गेली शाहीनकडे. शाहीन शकूच्याच वर्गातली, हसतमुख, तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुसऱ्याचं मूल हाती आलं की मुली एकदम जबाबदार व्हायच्या. केस विंचरून द्यायच्या, नाक पुसायच्या, चापट तर कधीच नाही. आणि मुलंही परक्या ताईपुढं शहाण्यासारखी वागायची. पोर हौदात असेपर्यंत तीच जोडी. एकदा घेतलेलं पोर मध्येच सोडायचं नाही, हा नियम मी केला नव्हता. तो मुलींनीच केला.

शकूच्या वाट्याला आली अंजू.

इथं थोडी गोम होती. अंजू ही आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींची नात. सेक्रेटरी म्हणजे वकीलसाहेब. निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केलेले, मग हट्टानं मराठीतून करू लागलेले, काटेकोर आणि नियमाला पक्के. त्यांच्या सुनेला जुळं झालं होतं आणि तीन वर्षांच्या अंजूनं घर डोक्यावर घेतलं होतं. वकीलसाहेबांच्या पत्नी, सगळे त्यांना माई म्हणत, एक दिवस नातीला हाताशी धरून हमीदाबींच्या रांगेतून चालत आल्या. "साहेब कोर्टात गेले की पाठवत जाईन," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं अजून राहून गेलंय."

ते राहूनच गेलं. दोन महिन्यांनी माई तक्रार घेऊन आल्या. हौदाच्या काठावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो बाई, अंजू 'लई' म्हणायला लागलीय. काल म्हणाली, 'मला लई भूक लागलीय, मी नाय थांबत.' साहेबांनी घास हातात धरून विचारलं, ही कुठून शिकली. मी म्हटलं, दूधवाल्याकडून."

मी म्हटलं, "माई, ती भूक लागली असं सांगते तरी. पूर्वी नुसती ताट भिरकावायची ना?"

माईंनी विचार केला. "ते खरं आहे," म्हणाल्या. तेवढ्यात खाली बबी डबा उघडत होती. शाहीननं शिकवल्याप्रमाणे ती आधी 'बिस्मिल्ला' म्हणाली आणि मग दोन्ही हातांनी भाकरीवर तुटून पडली. माई बघत राहिल्या, मग खळखळून हसल्या. त्यानंतर दर शनिवारी त्या यायला लागल्या, शेंगा फोडत पायरीवर बसून गोष्टी सांगायच्या. त्यांच्या गोष्टीतला राजा शहागंजात भाजी घ्यायला जायचा.

असं वर्ष गेलं. शकू पाचवीत गेली. आणि शाळेला आठवीचा वर्ग काढायला परवानगी मिळाली. सगळ्या गावाला आनंद झाला, मलाही. पण वर्ग वाढले की खोल्या हव्यात. संस्थेत ठरलं, हौद बुजवायचा आणि चौकात दोन खोल्या बांधायच्या. त्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, त्या हौदात ती पोरं कसली बसतात? त्यांना प्रवेश कुणी दिला? वकीलसाहेब म्हणाले, मी स्वतः पाहणी करतो, नियमात नसेल तर बंद करू.

ही बातमी किसनरावांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी शकू मला म्हणाली, "बाई, हौद बंद झाला की मला कन्नडला धाडनार हायत. आत्याकडं. बबीला बी."

"आणि शाळा?"

"तितं कुटली शाळा. आत्याचं शेत हाय, तिचं लेकरू हाय." मग ती खालची माती पायाच्या अंगठ्यानं उकरत म्हणाली, "बाई, मी गेल्यावर अंजूला कुनाला देनार?"

स्वतःचं काय होणार, हे तिनं विचारलं नाही.

पाहणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून एक घोटाळा केला. मोठ्या बाई म्हणाल्या, मोठ्या मुली सारख्या हौदात दिसल्या तर साहेब म्हणतील यांचा अभ्यास बुडतो. तेव्हा वरच्या वर्गांची दारं लावून घ्या. मला ते एकदम पटलं. मी मुलांना उंचीप्रमाणे रांगेत बसवलं, केसांना तेल, हाताची घडी. चिंचोके, माती, वाळू सगळं पोत्यात भरून तबेल्यात लपवलं. खरा, नीटनेटका, पुस्तकात असतो तसा बालवर्ग.

वकीलसाहेब काळ्या कोटात आले. बरोबर शहागंजातले कापडाचे व्यापारी शेठजी होते, संस्थेचे सभासद. दोघं येऊन हौदाच्या काठावर उभे राहिले. हौदाचा एक शिरस्ता होता, कुणीही आलं तरी आधी पायरीवर बसायचं, मग बोलायचं. कारण खाली बसलेल्या मुलाला काठावरचा उभा माणूस ताडासारखा दिसतो. हे त्यांना सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढच्या रांगेतल्या एका मुलानं वर बघितलं, काळा कोट बघितला आणि ओठ काढला. दुसऱ्यानं त्याच्याकडं पाहून काढला. मग सगळा हौद रडायला लागला. मी पोत्यातले चिंचोके शोधत तबेल्याकडं धावले, तर शेळ्यांनी पोतं सांडलेलं. परत आले तेव्हा रडण्याच्या वर एक आवाज येत होता, "शकूताई, शकूताई."

वकीलसाहेबांनी वाकून पाहिलं. "अंजू? तू इथे?"

अंजूनं आजोबांकडं एकदा बघितलं आणि आणखी मोठ्यानं रडू लागली.

तेव्हा पाचवीचं दार उघडलं. शिवणाचा तास होता. शकू हातात सुईदोरा तसाच घेऊन आली. तिच्यामागं शाहीन, मग चौथीच्या, सहावीच्या मुली. कुणी कुणाला विचारलं नाही. पायऱ्या उतरून जी ती आपल्या वाट्याच्या पोराशेजारी जाऊन बसली. वाटेत बबी हात पसरून रडत होती. शकूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण थांबली नाही. तिच्यासाठी शाहीन मागून येतच होती. शकू अंजूशेजारी बसली, सुई आपल्या परकराला टोचून ठेवली आणि जमिनीवरच्या लिंबोळ्या वेचून एकेक आपल्या तळहातावर ठेवायला लागली. हळूहळू हौद शांत झाला. काही मुलं अजून हुंदके देत होती, पण बघत होती लिंबोळ्यांकडं.

वकीलसाहेबांनी मला विचारलं, "ती छोटी, जी रडत होती, ती हिचीच बहीण ना? तोंडवळा तोच आहे. मग ही तिला सोडून अंजूकडे का गेली?"

मी आमचा रिवाज सांगितला. ते ऐकत ऐकत, कोट सावरत, पायरीवर बसले. शेठजीही बसले. मग वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही माझी मोठी पंचाईत केलीत. वर्ग ठेवा म्हटलं तर लोक म्हणतील नातीसाठी ठेवला. काढा म्हटलं तर मला घरी जेवण मिळणार नाही. हा निर्णय मी देऊ शकत नाही. पालकांची सभा बोलवा."

माणूस खरा होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ओळखीनं काम झालं असतं तर त्याच दिवशी सुटले असते.

रविवारी सकाळी सभा भरली, हौदातच. पायऱ्यांवर बाप बसले होते, वर पडवीत आया, माई सगळ्यांच्या पुढं. शेठजींनी आधी बोलायला सुरुवात केली आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. "माझ्या तीन मुली शिकतात. पावसाळ्यात पडवीत बसतात, वह्या भिजतात. आठवी काढली तर त्यांना बसायला खोली नको? लहान मुलं वर्षभर घरी राहिली तर काही बिघडत नाही. मोठ्या मुलींचं वर्ष गेलं तर बिघडतं." बरेच जण मान डोलवत होते. मी उठणार होते, पण उठले नाही. मीही त्यांच्या मुलींना शिकवलं होतं.

मागून किसनराव उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली.

"मी मापाडी मानूस. बोलता येत नाय. माझी शकू पाचवीत हाय. हौद बंद झाला तर तिला कन्नडला धाडायचं ठरवलं व्हतं म्या. बबीला बघायला कुनी पायजे म्हनून." त्यांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं. "तर परवा मला म्हनती, आबा, अंजूला कुनाच्या हवाली करू? म्या म्हनलं, दे कुनाच्याबी. म्हनती, तुमी अर्धं माप टाकून उठता का?"

शेठजी हसले. बाजारातल्या माणसाला ते बरोबर कळलं. मापाडी धान्याची रास मोजायला बसला की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आणि ज्यानं लाभ म्हटलं, त्यानंच ती रास संपवायची. मध्येच माप दुसऱ्याच्या हाती दिलेलं व्यापारीही मानत नाही आणि शेतकरीही मानत नाही.

किसनराव पुढं म्हणाले, "पोरीनं साहेबांच्या नातीला हात धरून लाभ म्हनलंय. आता मदीच उठवून तिला कन्नडला न्यायची म्हंजे माझं तोंड कुनाला दाखवू? बबीला बघायला तिला शाळंतनं काढायची व्हती. पर बबीला ती घड्याळवाल्याची पोरगी बघती. लई चांगली बघती. बबी जेवताना बिस्मिल्ला म्हनती. बबीची आय म्हनली, म्हनू दे, पोटभर खाती ना." लोक हसले. त्यांनी शेठजींकडं पाहिलं. "शेठ, तुमच्या पोरींना खोली पायजे, ते बी खरं. पर ह्या हौदातनं एक पोर काढलं तर वरची एक पोरगी निघती, हे बी बगा. मंग आठवीला बसनार कोन?"

ते खाली बसले. मग शेठजी चौकभर नजर फिरवत म्हणाले, "तो तबेला कशाला पडलाय?"

पडवीतून हमीदाबींचा आवाज आला, "उसमें मेरे बकरे हैं."

त्यांचे बकरे बाहेर निघाले. तबेला साफ करून, पत्रे घालून त्यात आठवीची खोली झाली. शेठजींनीच दारं-खिडक्या बसवून दिल्या. हौद राहिला. हमीदाबी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मुलींना बोलावून आणायच्या, फाटकात सोडायच्या आणि माझ्याकडं पाठ करून बसायच्या. दिवाळीला मी शेळीसाठी ओला चारा घेऊन गेले, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

शकू कन्नडला गेली, पण मॅट्रिक होऊन, लग्न करून गेली. किसनरावांनी स्थळ बघताना एकच अट घातली होती, पोरीला रिकामी बसवायची नाही. आज तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायका आपली पोरं तिच्या ओसरीवर सोडून जातात. अदलाबदलीचा रिवाज तिथंही आहे, असं ऐकते. शाहीननं माझ्यामागं हौदातला वर्ग घेतला आणि माझ्यापेक्षा चांगला चालवला, हे मला कबूल करायला हरकत नाही. बबी नर्स झाली.

हौद आता नाही. शाळेची नवी इमारत झाली, तेव्हा तो बुजवला गेला. मी तोवर निवृत्त झाले होते. मुलं व्हॅनमधून येतात, प्रत्येक जण आपापला एकटा. वर्गात रंगीत खुर्च्या आहेत, भिंतीवर टीव्ही आहे, सगळं छान आहे. मोठ्या मुलींचा मजला वेगळा. मला त्याचंच वाईट वाटतं. कुणाच्या वाट्याला कुणी नाही.

शेवटी अंजूच्या लग्नाचं सांगते. वकीलसाहेब तेव्हा नव्हते, माई होत्या, पण त्यांना दिसत नव्हतं. मुलगा नांदेडचा. पूर्वी नवरीबरोबर सासरी चार दिवस घरची एक बाई पाठराखीण म्हणून जायची. ती पद्धत तोवर मागं पडली होती. मुली शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. पण अंजू हटून बसली, पाठराखीण हवी आणि ती शकूताईच हवी. मांडवात थोडी कुजबुज झाली, घरातल्या काकू-मावश्या सोडून ही कोण? माईंनी पलंगावरून एवढंच म्हटलं, "माप तिच्या हातात आहे."

शकू कन्नडहून आली, हिरवं लुगडं नेसून, एक पिशवी घेऊन. पाठवणीच्या वेळी अंजू रडायला लागली. तिची आई, आत्या, सगळ्या म्हणाल्या, "रडू नको, अंजू, रडू नको," आणि ती जास्तच रडू लागली. नवरा भांबावून उभा. मी मोटारीच्या खिडकीशी होते.

शकू पलीकडच्या दारानं आत शिरली आणि अंजूशेजारी बसली. तिनं अंजूकडं पाहिलं नाही. तिच्या केसांत आणि शालूच्या काठात अडकलेल्या अक्षता ती एकेक करून काढायला लागली आणि आपल्या तळहातावर ठेवायला लागली. अंजू रडत होती, मग चोरून बघत होती. मोटार सुरू झाली. वळण घेताना मला दिसलं, अंजूनं आपला हात पुढं केला होता.